न बोलावता येणाऱ्याची खुर्ची

मी, ग्वोझ्देन स्तानोयेविच, वय एकसष्ट, राहणार चाचाक, पूर्वी फुटबॉलमधला आघाडीचा खेळाडू, नंतर खेळाडूंचा एजंट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. येत्या सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. खेळाडूंना नव्या क्लबबद्दल मीही हेच सांगत आलो.

१. घर व आलुबुखाराची बाग पत्नी मिल्याना हिला. सालोनिका, लिमासोल, बुसान, अल्माटी, सगळीकडे ती माझ्यामागे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडली. मी कुठेही गेलो तरी चेंडू गोलच होता. चांगला पाव कुठे मिळतो ते मात्र तिलाच शोधावे लागले.

२. बँकेतली शिल्लक मुलगी नेदा हिला. आमच्या घराण्याच्या संताच्या दिवशी लावायची मेणबत्तीही तिलाच. रीतीप्रमाणे ती मुलाकडे जाते. मला मुलगा नाही, आणि असता तरी मी नेदालाच दिली असती. भाऊबंद कुरकुरतील. कुरकुरू द्या, त्या दिवशी जेवायला येतीलच.

३. अंगणातला मोडका बाक बुसानच्या प्रशिक्षकाला. त्याने मला अख्खा हंगाम असल्याच बाकावर बसवले. पाठवणीचा खर्च त्याने करावा.

४. माझे दोन्ही फोन मोरावा नदीत टाकावेत. वाजले तरी उचलू नयेत.

५. दारू गाळायचे तांब्याचे भांडे तिहोमिर मार्यानोविच याला. हा माझा कूम, म्हणजे लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला आणि नेदाचा धर्मपिता. आमच्यात कूम भावाहून जवळचा. माझे निम्मे गोल त्याच्याच पासवरचे. संताच्या दिवशी आम्ही कुणाला आमंत्रण धाडत नाही. आपली माणसे आपणहून येतात. परदेशातून परतून मी हे घर बांधले, तेव्हा तिहोमिर म्हणाला, "नवं घर आहे, पहिल्यांदा तरी बोलाव की!" मी म्हणालो, "कुमाला कधी बोलावतात होय?" तेव्हापासून तो त्याच्या खिडकीत वाट बघत, मी माझ्या. दरवर्षी त्याची खुर्ची मांडतो आणि रिकामीच उचलतो. फार वाईट वाटते. भांड्यासाठी अट एकच: माझ्यामागे त्याने संताच्या दिवशी न बोलावता

इथे लिहिणे थांबले. आज तोच संताचा दिवस. मिल्याना साक्षीदार शोधायला बाहेर गेली होती. दार न वाजवता कुणीतरी आत आले.

"मरतोयस म्हणे?" तिहोमिर म्हणाला.

"सोमवारी. तेही नक्की नाही."

"मग मी उगाच धावत आलो."

"मिल्यानानं बोलावलं?"

"छे! ती एवढंच म्हणाली, गाढव मृत्युपत्र लिहीत बसलंय. बोलावलं कुणीच नाही. सरक."

खुर्ची मांडलेलीच होती. तो बसला आणि मला रडू आवरेना.

"रड," तो म्हणाला, "पण कागद भिजवू नकोस. माझं नाव कुठाय त्यात?"

६. कलम ५ रद्द. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, आणि साक्षीला मला तिहोमिरच हवा. म्हणून भांडे त्याला जिवंतपणीच दिले. आत्ताच ते त्याच्या ट्रॅक्टरवर चढवले आणि माझ्या गुडघ्यांवरून त्याची बोलणी खाल्ली. पहिल्या धारेची आम्ही दोघांनी मिळून चाखायची आहे, हे डॉक्टरांनी ऐकू नये.

स्थळ: चाचाक, जेवणाचे टेबल
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

(सही) ग्वोझ्देन स्तानोयेविच

साक्षीदार:
विदोसावा यांकोविच, शेजारीण. जेवायला आले होते, सही करून जाते.
तिहोमिर मार्यानोविच, कूम. न बोलावता आलो. पुढच्या वर्षीही येणार आहे. तू घरी असायचंस.