केळीच्या बागेतला पहिला खून

माय, तुझ्यासोबत पाहिलेला खुनाखुनीचा एकही सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. बाजाराच्या दिवशी चोपड्याला आपण दुपारच्या खेळाला बसायचो. पडद्यावर एक बंगला, सुट्टीला आलेली गोरीगोमटी पोरंपोरी आणि त्यांचा स्वयंपाक करणारी एक काळीसावळी बाई. मुखवटेवाला सुरा घेऊन निघाला की पहिली तीच मरायची. ती मेली की तू पिशवी उचलायचीस. "आपलं मानूस मरनं, आते काय देखानं शे? चाल घर." मी पाय आपटायचे, तू दंडाला धरून बाहेर काढायचीस. मग एसटीत स्वतःच पुढची गोष्ट रचून सांगायचीस. तुझ्या गोष्टीत ती बाई मागच्या दाराने निसटायची आणि बंगल्यातले सगळे उपाशी राहायचे. मला तेव्हा तुझा भयंकर राग यायचा.

आता तसलाच एक सिनेमा मी लिहिलाय. माझ्या नावावर लागणारं पहिलंच काम. यावलकडे एका केळीच्या बागेत शूटिंग चाललंय. त्यातही पाहुणे आहेत, बंगला आहे, आणि पहिली मरते ती बागेतली मजूर. तिला मी नावसुद्धा दिलं नव्हतं, नुसतं 'मजूर बाई' लिहिलं होतं. खुनी मागे लागतो, ती केळीच्या रांगांमध्ये वाट चुकते आणि सापडते. ही भूमिका सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी मुलीला दिलीय. परवा तालमीत ती पळता पळता थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मी रोज केळीमाच काम करस. मी काबर वाट चुकसू?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. डोक्यावर घड घेऊन तू ठिबकच्या नळीच्या कडेकडेने चालायचीस, बांधापर्यंत एकदाही मान वर न करता, आणि तुझा पदर धरून मी मागे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी तसल्याच बागेत तुला वाट चुकवली होती. लाज वाटली, माय, फार लाज वाटली.

मी दिग्दर्शकाला म्हटलं, ही निसटेल, ठिबकच्या नळीच्या कडेकडेने थेट बांधावर पोचेल. तो वैतागला. "मग आधी मरणार कोण?" म्हटलं, पुण्याहून आलेल्या चष्मेवाल्या मॅडम, वाट त्याच चुकतील. त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, हसला आणि तयार झाला. मजूर बाईचं नाव मी त्या मुलीलाच ठेवायला सांगितलं. तिने क्षणभरही विचार न करता आपल्या आईचं सांगितलं.

तेवढ्यात दिग्दर्शकाने सहज विचारलं, "पण तुम्हाला केळीच्या बागेतलं एवढं कसं माहीत?"

ती मुलगी समोरच उभी होती. तिच्यादेखत मी म्हणाले, "रिसर्च केला."

परवापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले. लिहून झालं की कागद संहितेच्या फाइलीत ठेवायचा असं ठरवलं होतं. पण ती फाइल युनिटमध्ये सगळ्यांच्या हातून फिरते, कुणीतरी वाचेल. म्हणून पर्समध्ये ठेवतेय, आतल्या कप्प्यात.