निर्भय_४१ आणि नळाचं पिवळं पाणी

३ डिसेंबर, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. वहीत. कॉम्प्युटरवर विश्वास राहिलेला नाही.

काल संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आबासाहेबांचा फोटो पडला. माजी नगरसेवक, आता महापालिकेला पुन्हा उभे. तीन वर्षांत तिसरा पक्ष, हसू तेच. खाली ओळ: 'विकासाची गंगा शुक्रवार पेठेत'. मी लिहिलं, 'गंगा राहू द्या, नळाला पिवळं पाणी येतंय ते बघा.' लिहिल्यावर लई बरं वाटलं. चार मिनिटांनी डिलीट केलं. भीतीने नाही. भाषा जरा सुधारायची होती.

पण 'हा मेसेज डिलीट केला आहे' ही ओळ तिथेच राहिली, माझ्या नावासकट. तोवर एकोणीस जणांनी वाचलं होतं. त्यातल्या एकाच्या डीपीला आबासाहेबांचाच फोटो आहे.

आत्ता गल्लीच्या तोंडाशी पांढरी जीप उभी आहे. वैजू म्हणाली, दूधवाल्याची आहे. बायकोचं सगळं असं सोपं असतं. जीपमधून कॅन उतरताना मी तरी पाहिले नाहीत.

संकल्प. राजकारणावर यापुढे एक अक्षर नाही. पीसीवरचं विंडोज काढून लिनक्स टाकायचं. फुकट, खुलं, जगातल्या हुशार लोकांनी ओळ न् ओळ तपासलेलं. त्यावर कोणाची पाळत नसते असं वाचलंय. गेमही तिथेच खेळायचा.

४ डिसेंबर

ऑफिस सुटल्यावर चनबसप्पाच्या दुकानात. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, स्वतः बारा वर्षं लिनक्सवर. एकाएकी कशाला, म्हणाला. प्रायव्हसी, म्हणालो. मग खोदून खोदून त्याने सगळं काढून घेतलं. शेवटी म्हणाला, 'मेसेज टाकलास फोनवरनं आणि लिनक्स टाकतोस पीसीवर व्हय?'

त्याला तांत्रिक बाजू कळते, व्यापक चित्र दिसत नाही.

विंडोज एका कोपऱ्यात राहू दे म्हणत होता. तुझा तो रणगाड्याचा गेम ऑनलाइन आहे, लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर आहे त्यात, ते लिनक्सवर बऱ्याचदा चालत नाही. मी सांगितलं, निर्भय_४१ परतीचा रस्ता ठेवत नाही. हे माझं गेममधलं नाव. पाच जणांच्या टीमचा कॅप्टन, बाराशे लढाया. समोर तीन रणगाडे आले तरी एकटा अंगावर जातो. टीममधला नागपूरचा एक जण मला सर म्हणतो.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी विंडोज पुसलं. लिनक्स टाकलं. स्क्रीन काळा. तीन तास काळा. चनबसप्पाला फोन सात वेळा. मग चित्र आलं, फक्त सगळी अक्षरं भाकरीएवढी.

तरी समाधान आहे. लिनक्सचे किती फाटे, किती गट, सारखे एकमेकांतून फुटतात. पण फुटला तो आपलं नवं नाव घेतो आणि कामाला लागतो. चिन्हावरून कोर्टात जात नाही, रातोरात हॉटेलात जात नाही. आपल्या देशाने यातून शिकलं पाहिजे. हे ग्रुपवर टाकावंसं वाटलं. टाकलं नाही. संकल्प.

सुरक्षेसाठी पीसीवर दुसरं खातं काढलं, 'बिरुदेव' या नावाने. आता मी कोण, हे पीसीलाही माहीत नाही.

८ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

हात अजून गार आहेत.

बिरुदेवच्या खात्यातून ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायला गेलो. कमांड दिली. पासवर्ड दिला. उत्तर आलं, बिरुदेवचं नाव परवानगीच्या यादीत नाही. पुढे इंग्रजीत एकच वाक्य: या घटनेची खबर दिली जाईल.

कोणाला?

प्लग उपटला. खिडकी लावली. वैजू भाजी निवडत होती, अंधार का केलात म्हणाली. चनबसप्पाला फोन केला तर त्याला हसू आवरेना. ती खबर दुसरीकडे कुठे जात नाही, त्याच पीसीतल्या एका फायलीत लिहिली जाते. 'तुझी तक्रार तुझ्याकडंच जाती की.'

हे ऐकून धीर यायला हवा होता.

१० डिसेंबर

समोरच्या सोजरबाई आल्या. त्यांची नात प्रियदर्शनी, नऊ वर्षांची, दवाखान्यात आहे. कावीळ. चार दिवस पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच केला. गल्लीत अजून दोन पोरं तशीच आजारी आहेत. आमच्याकडे वैजू पाणी उकळून गाळून ठेवते, म्हणून आम्ही उभे आहोत.

अर्ज करायचं ठरलं. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, सगळ्या गल्लीच्या सह्यांनी. सोजरबाई मला म्हणाल्या, 'तुमी शिकल्याली मानसं. तुमी लिवा, आमी आंगटा देतो.' माझे डोळे भरून आले. लगेच हो म्हणालो. पहिली सही माझी, हेही मीच म्हणालो. सगळ्यांसमोर.

दोन तास टाइप केलं. टॉवेल कारखान्यात पंधरा वर्षं बिलं टाइप करून हा हात नुसता वाया गेला, असं वाटलं. तीन पानं. 'लोकशाहीचा मुडदा' हा शब्द दोनदा. आबासाहेबांचं नाव सात वेळा. वाचून अंगावर काटा आला.

११ डिसेंबर

तोच काटा सकाळी वेगळ्या कारणाने आला.

अनोळखी नंबर. उचलला. 'नमस्कार, मी आबासाहेब बोलतोय.' मी राँग नंबर म्हणालो. ते बोलतच राहिले. मी पुन्हा राँग नंबर म्हणालो आणि फोन गादीखाली ठेवला. ऑफिसात कळलं की तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे, सगळ्या शहराला येतोय. पण सगळ्या शहराला येतोय म्हणून मला मुद्दाम आला नसेल, असं सिद्ध होत नाही.

अर्जावर हात फिरवला. नाव सातचं एक केलं. मग एकाच्या जागी 'संबंधित'. मुडदा काढला. लोकशाही काढली. तीन पानांच्या सहा ओळी झाल्या. आटोपशीर लिहिणं अवघड असतं.

छापलं मात्र नाही. वैजूला सांगितलं, लिनक्सला प्रिंटर दिसत नाही. हे खोटं नाही. मी त्याला दाखवलेलाच नाही.

१२ डिसेंबर

प्रोटॉन नावाची एक सोय आहे, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवते. चालवला. रणगाडा दिसला. इंजिन सुरू झालं. टीम वाट पाहत होती. अकरा सेकंदांनी पाटी आली: संशयास्पद यंत्रणा आढळली. बाहेर काढलं. पुन्हा गेलो, पुन्हा काढलं. चौथ्या खेपेला खातंच पंधरा दिवस बंद.

इथेही माझ्यावर संशय.

दुपारी नागपूरवाल्याचा मेसेज आला, कॅप्टन त्याला केलंय. त्यात सर नव्हतं.

१३ डिसेंबर

ठरवलं, आठ दिवस बार्शीला ताईकडे. हवापालट. रजा टाकली, पिशवी भरली. वैजूने विचारलं, अर्जाचं काय. आल्यावर बघू म्हणालो. तिने डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. गाडी कितीची, एवढंच विचारलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

स्टँडवर बार्शी गाडी लागली होती. पण समोर आबासाहेबांचा वीस फुटी फ्लेक्स. मी गाडीच्या डावीकडे गेलो तरी माझ्याकडे बघत होते, उजवीकडे गेलो तरी माझ्याकडेच. अशा वेळी कुटुंब एकटं सोडणं योग्य नाही. परत आलो. भाकरी रिक्षात खाल्ली.

१४ डिसेंबर, रविवार

वैजूने पुन्हा अर्ज मागितला. फाइल करप्ट झाली म्हणालो. तिने एक फुलस्केप काढला, ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या लिहिलं. पाव तास. चार वाक्यं. पाणी कधीपासून पिवळं येतं, वास कसला येतो, किती मुलं आजारी आहेत, आणि पाइप उघडून बघा. मी 'पाणि'तला ऱ्हस्व दाखवला. तिने दीर्घ केला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मनगट लचकलंय म्हणालो. माऊसने.

तिने पेन थोडा वेळ तसंच धरलं होतं. मग स्वतः सही केली. वैजयंती, अख्खं नाव, पत्त्यासकट. पहिल्या नंबरवर.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस सह्या झाल्या. सोजरबाईंचा अंगठा त्यात आला.

१५ डिसेंबर

वैजू आणि चार बायका विभागीय कार्यालयात जाऊन आल्या. शिक्का मारलेली पोच आणली. कुठे ठेवू, म्हणाली. पिठाच्या डब्यात, म्हणालो. तिने देवघराशेजारी चिकटवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

लिनक्स अपडेट केलं. अक्षरं भाकरीची पुरीएवढी झाली.

१७ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

नीट लिहितो. खरं तेवढंच.

पावणेसहाला खिडकीतून दोन माणसं येताना दिसली. एक पांढऱ्या कपड्यांतला, डीपीतला तो. मला त्याच क्षणी बाथरूमला जावं लागलं. कडी लावली. फोन सायलेंट केला. बादलीवर बसलो.

आवाज स्पष्ट येत होता. अर्ज कोणी लिहिला, डीपीवाल्याने विचारलं. वैजू म्हणाली, मी. 'घरात पुरुष मानूस कोन हाय का?' ती म्हणाली, 'काय असेल ते माझ्याशी बोला.' मग तो शांतपणे म्हणाला, अगदी शांतपणे, 'वैनी, निवडनूक तोंडावर हाय. उगं कुनाचं नाव खराब करू नगा. तुमाला हितंच ऱ्हायचंय की.'

माझा हात कडीवर होता. हे लिहून ठेवतो, हात कडीवर होता. ती कडी जरा घट्ट बसते.

मग स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज. वैजू म्हणाली, 'बसा. पाणी घ्या. नळाचंच आहे.'

मग दुसरा माणूस म्हणाला, 'नगं वैनी, आत्ताच चहा झालाय.' ती म्हणाली, 'चहा उकळून होतो. समोरच्या पोरीने हे तसंच प्यायलं होतं. घ्या की.'

खुर्च्या सरकल्या. चपलांचा आवाज. दार.

मी अकरा मिनिटांनी बाहेर आलो. ताटलीत दोन काचेचे ग्लास, काठोकाठ. पिवळं पाणी, तळाशी काहीतरी बसलेलं. वैजू खुर्चीत बसली होती आणि एका हाताने दुसरा हात धरून ठेवला होता. तिला भीती वाटते, हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं.

पोट बिघडलंय का, तिने विचारलं.

हो म्हणालो. पाण्यामुळे.

१८ डिसेंबर

विचार केला. कॅप्टनचा रणगाडा नेहमी मागे असतो. पुढची फळी कोसळली तर कोणीतरी शाबूत राहायला हवं. काल मी राखीव होतो. हे वैजूला समजावून सांगणार होतो. ती दवाखान्यात डबा घेऊन गेली होती. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ग्रुपवर तिने त्या दोन ग्लासांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'काल आलेल्या पाहुण्यांनी पाणी घेतलं नाही.' तिसऱ्या मिनिटाला मी ग्रुप म्यूट केला. मग पुन्हा चालू केला. साठ जणांनी वाचलं होतं. तिने डिलीट केलं नाही.

दाराला आतून खुर्ची लावली.

२० डिसेंबर

सकाळी जेसीबी आला. मला वाटलं, घर पाडायला. अंगणात जाऊन घरपट्टीची पावती शोधत होतो, म्हणजे पावती आत होती, मी बाहेर होतो. जेसीबीने सोजरबाईंच्या दारापुढचा रस्ता खोदला. पाण्याचा पाइप सडलेला, आणि त्याच्यावरून गटार. महापालिकेचा इंजिनियर खड्ड्यात वाकून बघत राहिला, नाकाला रुमाल लावून. संध्याकाळपर्यंत नवा पाइप.

आबासाहेब फोटोला आले. खड्ड्यापाशी हात जोडून उभे राहिले. मी गच्चीवर टाकीच्या मागे होतो. तिथून सगळं नीट दिसतं.

२४ डिसेंबर

प्रियदर्शनी घरी आली. हाताच्या काड्या झाल्यात, पण उसाच्या रसासाठी भांडत होती. नळाला आज स्वच्छ पाणी. सोजरबाई वैजूसाठी धपाटे घेऊन आल्या. मला म्हणाल्या, 'मनगट बरं हाय न्हवं आता?' व्हय म्हणालो. दोन धपाटे खाल्ले.

२७ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

वैजू बाजारातून आली. वाटेत आबासाहेब स्वतः भेटले म्हणाली. गाडी थांबवून उतरले. आमची पोरं घरी येऊन काहीबाही बोलली, मनावर घेऊ नका, म्हणाले. तिने त्यांना तिथेच विचारलं, मागच्या गल्लीचा पाइप कधी बदलणार. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.

विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले.

तुमचा विषय निघाला नाही, म्हणाली.

तो मेसेज? दोन तारखेचा, डिलीट केलेला?

कुठला मेसेज, म्हणाली.

नीट आठवून बघ म्हणालो. एकदाही नाव निघालं नाही? ती पिशवीतून भाजी काढत होती. थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, 'निघायला पाहिजे होतं का?'

आत येऊन बसलो.

गेममधलं खातं आज उघडलंय. ऑनलाइन लढाई लिनक्सवर होणार नाही ते नाहीच, पण त्याच गेममध्ये एकट्याने खेळायचा सराव असतो. तो लावला. पहिल्यांदाच न अडखळता चालला. समोरचे रणगाडे कॉम्प्युटरचे, ठरलेल्या जागी उभे. तीन उडवले.

बाहेर बोलण्याचा आवाज वाढलाय. मागच्या गल्लीतल्या बायका आल्यात, अर्ज कसा लिहायचा ते विचारायला. वैजूने दारातून डोकावून सांगितलं, 'अहो, आवाज जरा कमी करा. लोक बसलेत.'

कमी केला.