वन्संच्या खिडकीसमोरचा दिवा

मी, गल्लीत ‘पतंगवाल्या काकू’ म्हणून ओळखली जाणारी, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. चिरंजीवांना तो दोनदा वाचून दाखवावा.

१. राहते घर चिरंजीव व सूनबाईंना द्यावे. मागची बाग देत नाही. तिथे फरशी घालून गाडी उभी करण्याचा बेत माझ्या कानावर आला आहे. भिंतींना कान असतात, आमच्या तर पातळही आहेत.

२. शिवणयंत्र सूनबाईंना. चांगली कात्री त्यांनी आधीच नेली आहे, लाभो.

३. बाग, तिथला दिवा व त्याखालची पेटी शेजारी राहणाऱ्या माझ्या नणंदेला द्यावी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

दिव्यावर येणारे पतंग त्या पेटीत, अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खळग्यांत बसून राहतात. सकाळी मी त्यांची नोंद करून त्यांना सोडून देते. हा दिवा वन्संच्या डोळ्यांवर येई. त्यांनी खिडकीला काळा कागद लावला आणि माझ्याशी बोलणे टाकले. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, गेले तेव्हा रडायला आल्या, त्याही दिव्याकडे पाठ करून बसल्या.

पुढे माझे खुब्याचे हाड मोडले. आता नोंदी खुंटल्या, असे धरून मी दवाखान्यातून परतले, तर सकाळी बागेतून आवाज आला. वन्सं एका पतंगाला दटावत होत्या, की रोज तूच काय येतोस, घरदार नाही का तुला. माझ्या गैरहजेरीत त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती. नावे ठाऊक नसल्याने ‘मिशाळ, चिडका’, ‘सुनेच्या साडीसारखा, नको तिथे टिकल्या’ अशा नोंदी केल्या होत्या. त्यावरून मला बहुतेक सगळे ओळखता आले.

मी आभार मानू लागले, तर म्हणाल्या, “तुमच्यासाठी नाही केलं वहिनी. दिवा आपोआप लागत होता, पाखरं कोंडली होती.”

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून नोंदी करतो व रोज भांडतो.

४. माझ्या पश्चात दिवा कायमचा बंद करण्याचा पूर्ण अधिकार वन्संना राहील. त्यावर कोणी ब्र काढू नये.

साक्षीला वन्संच आल्या होत्या. ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे सांगून वकिलांनी त्यांना तिसरे आणि चौथे कलम वाचून दाखवले. त्या वकिलांनाच म्हणाल्या, “हा बल्ब गेला तर दुसरा कुठे मिळतो, तेवढं लिहून घ्या.”

लिहून घेतले आहे.

साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सही); कोपऱ्यावरचे घड्याळवाले (सही, चष्म्याविना)
लिहून देणार : पतंगवाल्या काकू (सही)
ठिकाण : मागची बाग
तारीख : वकिलांच्या शिक्क्याखाली आहे तीच