बांधावरची तार

५ जाने., सोम.
नवऱ्याशी पुन्हा वाजलं. मक्यात डुकरं शिरतात म्हणून गजाननानं बांधाला उघडी तार ओढली, लाईनीवर आकडा टाकून करंट सोडला. मी नववीला विज्ञान शिकवते अन् माझ्याच शेतात हे. म्हटलं, "हातात तार, पायाखाली ओली जमीन. मंग माणूसच वायर व्हतो." म्हणे, "शाळा शाळेत घे." पुढं बोलले तर थोबाडीत. वर्गात दाढ सुजली म्हणून सांगितलं.

८ जाने.
डुक्कर मेलं. तोंड करपलेलं, वास जाईना. ग. खूश. शेजारची शेवंताबाई रोज सकाळी आमच्या बांधावर शेळ्यांसाठी गवत कापती. तिला काहून सांगत न्हाई, विचारलं. "शेतीची लाईट ह्या आठवड्यात रातची. दिवसा तार मेलेली राहती."

१२ जाने., सोम.
लाईटीची पाळी बदलली, दिवसाची झाली. ग. आकडा काढायचा विसरला.
ओरडा ऐकून पळाले. बांध चढताना शेवंताबाईनं तार धरलेली. करंटनं मूठ आवळती, सुटत न्हाई. दरसाल शिकवते. ग. तिला धरायला धावला, मी त्याच्या कमरेत लाथ घातली, पाटात पडला. सुक्या बांबूनं आकडा पाडला तवा सुटली. हाताचा कोळसा. श्वास चालू होता.

१४ जाने. संक्रांत
नांदेडला तिचा हात कोपरापासून काढला. तिच्या दोन्ही पोरांनी ग.ला अंगणात ओढून काठ्यांनी फोडला. मी दारात. पहिल्या दोन काठ्या बऱ्या वाटल्या मला. मग रगत दिसलं, मधी पडले. एक मनगटावर बसली. तिळगूळ केला न्हाई.

१५ जाने.
धाकटा दीर सकाळपासून ठाण मांडून. "वहिनी, लाईनीची तारच तुटून पडली म्हणा. आकडा-बिकडा काई नव्हता." बांधावरची तार त्यानं विहिरीत टाकली. आकडा मात्र दोघं भाऊ अजून हुडकतात.
ग. डोक्याला पट्टी बांधून रडला. "मी जेलात गेलो तर आपल्या लेकराचं कसं?" अन् डोळे पुसता पुसता, "बोललीस तर जिती सोडणार न्हाई." दोन्ही मनापासून बोलला.
शाळेत विजेचाच धडा. पोरं फळा सोडून माझ्या मनगटाकडं पाहत व्हती.
पोलीस ठाण्याचा जमादार उद्या शाळेत जबाब घ्यायला येणार. आकडा प्रयोगाच्या कपाटात, चुंबकांच्या मागं. किल्ली माझ्या कमरेला.