सव्वीस डिसेंबर, धरणावर

न्यारुवे,
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय गारिकाई,

तू बरा असशील तर आम्हीही बरे आहोत. पावसाचा पत्ता नाही, गुरांची हाडं दिसायला लागलीत आणि जोसायाची कंबर पुन्हा धरली आहे. बाकी ठीक.

तू सांगितल्याप्रमाणे शनिवारी धरण बघून आले. जोसायालाही नेलं, कारण सव्वीस डिसेंबरच्या तुझ्या सहलीत विस्तव पेटवणं, बोकड कापणं, मांस भाजणं हे सगळं जावयाच्याच गळ्यात पडणार. "तुझा भाऊ इंग्लंडहून येणार आणि धूर मी खायचा," म्हणाला.

"मग आमच्या घरात लग्न करताना विचार करायचा होता," मी म्हटलं.

सावली बघ, होडी मिळते का बघ, संडास स्वच्छ आहेत का बघ, असं लिहिलं होतंस. बघितलं. संडासांना कुलूप आहे, म्हणून लोक खडकांमागे जातात, आणि वारा नेमका खडकांकडून येतो. जेवायच्या सिमेंटच्या टेबलांवर मासे साफ करतात आणि आतडी तिथेच टाकून जातात. माशा अशा घोंघावत होत्या की जोसायाने बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. काठावर बाळांचे घाणेरडे लंगोट, बिअरचे डबे, चघळून टाकलेली कोंबडीची हाडं. एकाने मिनीबस पाण्यात घालून साबण लावला होता आणि त्याच फेसात पोरी डुंबत होत्या. होडी आहे. तिच्यात एक जण ओकून झोपला होता.

फाटकावरच्या रखवालदाराला जोसायाने विचारलं, "नाताळातही असंच असतं का हो?"

"छे, आत्ता कुठे काय," तो म्हणाला. "नाताळात गर्दी असते."

घरी येऊन अंघोळ केली तरी नाकातला वास जाईना.

पण मला एक सांग, तुला धरणच का हवं? आपलं अंगण काय लहान आहे? आईच्या मयताला अख्खं गाव त्यात मावलं होतं. तू म्हणतोस, मोकळ्या हवेत, परक्या लोकांत कोणी तमाशा करत नाही. कोणी म्हणजे नेत्साई. तिचं नाव लिहायला तुझा हात अडखळला, म्हणून मी लिहिते. तुझी बायको.

तिला एवढंच ठाऊक आहे की तू येणार आणि सगळ्यांना धरणावर नेणार. बोकड तिने आत्तापासून वेगळा बांधलाय. रविवारी चर्चमधून परस्पर माझ्याकडे आली, नवा फुलाफुलांचा फ्रॉक दाखवायला. "वन्सं, पाण्यात पाय सोडून बसता येईल ना? ह्यांना आवडेल ना ते?" तू गेल्याला आठ वर्षं झाली आणि अजून तिला तुझ्या आवडीची काळजी. मूल नाही म्हणून मित्र हसतात, असं तू लिहितोस. मूल व्हायला नवरा घरात लागतो रे बाबा.

मी फ्रॉकच्या बाह्यांबद्दलच बोलत राहिले. तुझं ते नाणं तेव्हा माझ्या पिशवीत होतं.

आता त्याचंही लिहितेच. बायकोला सोडायचं तर नवऱ्याने तिच्यासमोर उभं राहून, साक्षीदार बसवून, कारण सांगून तिच्या तळहातावर स्वतः नाणं ठेवायचं. आपल्याकडच्या दारुड्यांनी आणि बायकांना मारणाऱ्यांनीही एवढं तरी स्वतः केलंय. तू ते पुठ्ठ्याला चिकटवून मला पाठवलंस. म्हणे, सगळे जेवत असताना तिला जरा पाण्याकडे ने आणि देऊन टाक, बायकाबायकांत बरं पडतं. आणि नवी सून आणायची ती घरच्या लेकीने, म्हणून त्याच दुपारी मी तुझ्या त्या लव्हनेसला पांढऱ्या चादरीखाली धरून सगळ्यांसमोर आणायची. त्याच हातांनी. गारिकाई, मला तुझी किळस आली. धरणावरच्या त्या आतड्यांचीही एवढी आली नव्हती.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं नेत्साईने काढलं. मी पोटची लेक, पण मला उमळून यायचं. तिने कधी नाक मुरडलं नाही.

काल तिच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. नाणं दाखवलं, हातात दिलं नाही. ती शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. टोपली भरल्यावर म्हणाली, "वन्सं, त्यांना कळवा, मी काही पळून जात नाही. घरी या म्हणावं. मी हात पुढे करीन. फक्त त्यांना माझ्याकडे बघावं लागेल."

नाणं याच पाकिटात परत पाठवते आहे. सहलीसाठी तू सांगितलेली धरणावरची झोपडी मी भाड्याने घेतलेली नाही आणि घेणारही नाही. येशील तेव्हा दिवसाउजेडी अंगणात ये, काकांना साक्षीला बसवते. नंतर लव्हनेसला खुशाल धरणावर ने, दोघांना जागा शोभेल. पण तिची चादर धरायला दुसरी कोणी बघ. या घराला लेक एकच आहे, आणि त्या दिवशी ती नेत्साईचं बोचकं डोक्यावर घेऊन तिला माहेरी पोचवायला गेलेली असेल.

थंडीत जपून राहा, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

नेत्साईची नणंद,
व्होंगाई