आवाज बारीक केलेली दुपार

प्रिय सोबीर,

पाकीट बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तू इथे होतास तेव्हाही कुरकुरतच होते. हातात फोन असताना आई पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू हं-हं करत अर्धंच ऐकतोस, आणि नको तो विषय निघाला की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं तसं होत नाही. शेजारच्या मुख्लिसाचा नवरा ट्रक घेऊन रशियात, तुझ्या समाराला निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. सोबत अक्रोड आहेत, आपल्याच झाडाचे. ते आधी खा नाहीतर नंतर खा, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

यंदा आपल्या मार्गिलानची थंडी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी हलायलाच तयार नाही. गॅस येतो तो नावाला, पातेल्याचं बूडसुद्धा धड तापत नाही. मग आम्ही दोघी सासू-सुनांनी मोठी खोली सरळ बंद केली आणि मागच्या लहान खोलीत बिऱ्हाड हलवलं. मध्ये निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर बुटकं मेज, मेजावर जाड रजई. रजईत पाय घालून बसलं की संध्याकाळपर्यंत उठावंसं वाटत नाही. त्याच खोलीत तुझ्या बाबांचा टीव्ही आणि त्याच खोलीत हिलोलाचा दोन तारांचा दुतार. आता एवढ्याशा जागेत या दोघांना नांदवायचं म्हणजे दोन सवतींना एका चुलीवर रांधायला लावण्यासारखंच की.

टीव्ही तोच आहे, लाकडी पेटीतला. रेशीम गिरणीत बक्षीस मिळालेला तो बाबांनी खांद्यावर घेऊन आणला, तेव्हा अख्खी गल्ली आपल्या अंगणात जमली होती. तू तेव्हा पाळण्यात होतास. आता डाव्या अंगाला माणसं हिरवी दिसतात. मधूनच चित्र पळायला लागलं की उजव्या कुशीला एक थापटी द्यायची, मग गप्प बसतो. तू चपटा टीव्ही पाठवतो म्हणालास आणि मी नको म्हटलं, तेव्हा तू चिडलास. अरे, तो बंद पडला तर बघू. जे अजून चालतंय ते मी टाकून देत नाही, हा माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा माझं आणि सूनबाईचं यावरून जरा बिनसलंच होतं. म्हणजे ती काही बोलली नाही, ती बोलतच नाही. पण गिरणीतल्या मागांनी माझे कान अर्धे खाल्लेत, त्यामुळे माझी मालिका शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने लागते. आणि दुतार म्हणजे किती हळू आवाजाचं वाद्य. बोटांनी छेडायचं, नखी नाही की गज नाही. ती बिचारी निमूटपणे दुतार उचलायची आणि बंद खोलीत जाऊन बसायची. एकदा मी कांदे आणायला म्हणून तिकडे गेले. बघते तर काय, ही अंगात ओव्हरकोट, डोक्याला शाल, तोंडातून वाफ निघतेय आणि बोटं गाजरासारखी लाल. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होती. चुकला की थांबायची, बोटं काखेत धरून ऊब घ्यायची आणि पुन्हा सुरू. मी दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे. कांदे घेतलेच नाहीत. आत येऊन टीव्हीचा आवाज पार बारीक केला आणि तिला हाक मारली.

तेव्हापासून आमची दुपार अशी जाते. मुगा-तांदळाचं पातळ जेवून झालं, भांडी झाली की मी मालिका लावते, आवाज बंद. ती माझ्या समोर रजईत पाय घालून रियाजाला बसते. पडद्यावर ती खाष्ट सासू तोंड उघडते आणि तिच्या तोंडून हिलोलाचा दुतार येतो. पूर्वी त्या बाईला बघितलं की माझं डोकं उठायचं, आता ती मला बरी वाटायला लागली आहे. काय चाललंय ते मी मनानेच ठरवते, आणि खरं सांगते, लिहिणाऱ्यापेक्षा बरं ठरवते.

सूनबाईचा हात आता खरोखर बसलाय. शरद ऋतूत तिला दुतार शिकवणाऱ्या आदिबाबाईंनी तिला शेजारच्या फरगान्याच्या बायकांच्या वाद्यवृंदात घेतलं, हे तुला माहीत आहे. वसंतात नवरोजच्या सणाला तिथल्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे, त्यात एक चीज ती एकटी वाजवणार आहे, हेही माहीत आहे, कारण तिने तुला ते आनंदाने फोनवर सांगितलं होतं. तू काय उत्तर दिलंस ते तिने मला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले. धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला लागली, तेव्हा मी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "ते नको म्हणाले." एवढंच. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला पुन्हा रियाजाला बसली. मीही काही विचारलं नाही. तू कधी येणार हे मी विचारणं सोडलंय, तसंच. ते का सोडलं, याचा तू कधी विचार केला आहेस का? नसेल. पुढे वाच.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर धुकं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात अगदी शांत. रियाज चालू असताना तिच्या दुताराची एक तार तुटली. बाजारात नायलॉनच्या तारा मिळतात, पण तिला रेशमाचीच हवी असते, आणि रेशीम माझ्या पेटीत पडून आहे. आम्ही पीळ घालायला बसलो. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. दोघींनी दोन बाजूंनी पीळ देत जायचं आणि मध्ये हात सोडायचा नाही. सोडला की सगळं उलगडून गुंता होतो. नेमके त्याच वेळी तुझे तोलिबकाका दारात उभे राहिले. थोरल्या भावजयीने उठून स्वागत करावं ही त्यांची अपेक्षा. मी बसल्या जागेवरून म्हटलं, हात अडकलेत भावोजी, किटली तिथे आहे, वाटी तिथे आहे, नान कापडाखाली आहे.

त्यांनी स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला, म्हणजे बघ. मग इकडची तिकडची चौकशी झाली, धुक्याची झाली, गॅसची झाली. शेवटी खाकरून म्हणाले की सोबीरचा फोन आला होता. त्याचं म्हणणं असं की कार्यक्रम वगैरे काही नको, आणि तो येईपर्यंत दुतार काकांच्या घरी ठेवावा. सून माझ्यासमोर बसलेली, हातात रेशीम, नजर खाली. तिच्यादेखत हे.

काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही जाणत्या आहात. नवरा परमुलखात आणि बायको स्टेजवर. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोक येऊन ऐकतील, भावोजी. तुम्हीही या. पुढच्या रांगेत जागा धरून ठेवते."

ते हसले नाहीत. घरचा कर्ता सोबीर आहे आणि त्याचा शब्द मोडता येणार नाही, असं म्हणाले. मग मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, परवा नळ गोठून फुटला तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून पाणी कोणी बंद केलं? माझ्या पायाला सूज आली तेव्हा मला आधार देऊन दवाखान्याच्या पायऱ्या कोणी चढवल्या? कर्ता कोण ते मी रोज बघते. "ज्याला या घरात हुकूम चालवायचाय त्याने या घरात येऊन राहावं," मी म्हटलं. "तोवर माझा शब्द चालेल. आणि माझा शब्द असा आहे की दुतार या खोलीतून हलणार नाही. चहा गार होतोय, घ्या."

तुझे काका वाईट माणूस नाहीत. टोपी मागे सारून डोकं खाजवलं, चहा संपवला, जाताना खोकल्यासाठी बिही फळाचा मुरंबा मला विचारून फळीवरून स्वतःच काढून घेतला. पण तू त्यांना मध्ये घातलंस हे मला लागलं. मी जिवंत आहे. मला विचारायचं होतं.

ते गेल्यावर आम्ही पीळ घालत राहिलो. टीव्हीवर कुणी तरी कुणावर तरी ओरडत होतं, आवाज नव्हता. मग सूनबाई रेशमाकडे बघतच म्हणाली, "आई, त्यांच्यावर रागावू नका. मी लोकांत वाजवायला लागले की लोक विचारतील, हिचा नवरा कुठे असतो. तेच त्यांना नकोय."

मी म्हटलं, असतो कुठे म्हणजे, समाराला असतो. तिने मान वर केली. "फोनवर त्यांच्या मागे एक लहान मुलगी बोलते, आई. आधी नुसते हुंकार द्यायची. आता पापा म्हणते."

सोबीर, माझे हात तिथेच थांबले. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मुख्लिसाने सफरचंदांच्या दिवसांतच मला येऊन सांगितलं होतं की तिच्या नवऱ्याने तुला तिथल्या बाजारात पाहिलं, खांद्यावर मुलगी, शेजारी एक बाई, हातात भाजीची पिशवी. मी मुख्लिसाला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की हे हिलोलाच्या कानावर जाणार नाही. इतके महिने मी तिच्यापासून लपवत होते, तिचं काळीज तुटेल म्हणून. आणि ती माझ्यापासून लपवत होती, माझं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून. दोघी एकाच रजईत पाय घालून रोज बसत होतो. मला रडू फुटलं. तिलाही फुटलं. पण डोळे पुसायला दोघींनीही हात सोडले नाहीत, तार पूर्ण केली. मग मी उठून तिला जवळ घेतलं. लग्न होऊन आली त्या दिवशी घेतलं होतं, त्यानंतर आत्ताच.

त्या संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं, पोरी, तुला काय हवं आहे? मला वाटलं होतं माहेरी जाते म्हणेल. मी मन घट्ट करून बसले होते. ती म्हणाली, "मला वाजवायचंय. आणि तुम्ही ठेवून घेतलंत तर इथेच राहायचंय." ठेवून घेणारी मी कोण, असं मी म्हणाले नाही. मी कोण आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. घर माझ्या नावावर आहे आणि सून माझ्या मनातली आहे. मी हो म्हटलं.

तर आता हे पत्र कशासाठी ते ऐक. हे वाचून झालं की तू हिलोलाला फोन करशील आणि जे आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगशील. तिला माहीत असलं तरी तुझ्या तोंडून ऐकणं हा तिचा हक्क आहे. मग रीतसर कागद करून तिला मोकळी करशील, काकांमार्फत नाही, निरोप धाडून नाही. ती तुझी बायको राहणार नाही, पण या घरची लेक राहील. नवरोजला मी तिच्याबरोबर फरगान्याला जाणार आहे, लाल शाल धुऊन ठेवली आहे. उद्या कुणी भला माणूस तिला मागणी घालायला आला तर मुलीची आई म्हणून मीच समोर बसेन, आणि सहजासहजी हो म्हणणार नाही. तुझ्यावर मी रागावले, रडले, दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. पण शाप दिला नाही, देणारही नाही, कारण तू माझा आहेस. तुझ्या तिथल्या बायकोशीही माझं वैर नाही. आणि त्या लेकराचा तर काहीच दोष नाही. हिलोला म्हणते, पोरीचा आवाज गोड आहे आणि सुरात आहे. हे ती आपणहून सांगते, इतकी ती मोठ्या मनाची आहे. उन्हाळ्यात पोरीला घेऊन ये. चोरून नको, दिवसाढवळ्या पुढच्या दाराने ये. पण त्याआधी एक कर, तिचं नाव मला कळव. माझी नात आहे, रोज नमाजानंतर सगळ्यांसाठी दुआ मागते, आणि तिच्यापाशी आले की काय म्हणायचं ते सुचत नाही.

तुझीच, आणि आता हिलोलाचीही,
आई