गट क्रमांक ११४ वरची विहीर

मी, इंद्रभान पुंजाजी इंगोले, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे कवठदरी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध, नजर आणि स्मरण शाबूत आहेत. किन्हीराजा गावच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पंचवीस वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्य होतो तेव्हा होते. आता कोणी येत नाही, त्यामुळे तेही गेले. यापूर्वी केलेला मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम सहामध्ये आहे.

कलम १. राहते घर, मालमत्ता क्रमांक २०३, पत्नी सोजरबाई हिला द्यावे. तिच्यानंतर ते मुलगी संस्कृती हिचे. घराच्या ओसरीवर पंचवीस वर्षे गाव बसले. सोजरबाई म्हणते, “गाव माह्या ओसरीवर बसलं, चहा म्या केला, अन् आभार तुमचे झाले.” तिचे आभार कोणत्याही सभेत मानले गेले नाहीत. मीही मानले नाहीत. आता लिहून मानतो. ते उशिराचे आहेत हे मला कळते.

कलम २. वडिलोपार्जित शेत, गट क्रमांक ६१, यातील माझा हिस्सा सोजरबाई आणि संस्कृती यांना निम्मा निम्मा. बँकेतले जे असेल ते सोजरबाईचे. बैलजोडी मागेच विकली. वखर, तिफण आणि विळे ज्याला हवे त्याने न्यावेत. कोणी नेले नाहीत तर राहू द्यावेत.

कलम ३. पत्र्याच्या पेटीत अर्जांच्या पोचा आहेत. तांड्याचा रस्ता, नाल्यावरचा पाईप, स्मशानभूमीचे शेड, शाळेला दुसरी शिक्षिका, असे विषय. प्रत्येक अर्जावर गोल शिक्का आणि तारीख आहे. उत्तरे आलीच नाहीत असे नाही. अकरा आली. त्यांपैकी नऊ उत्तरांत “आपल्या स्तरावर कार्यवाही करावी” असे आहे. माझा स्तर कोणता, हे मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितले नाही. पेटी संस्कृतीने न्यावी. ती वाशीमला शाळेत शिकवते. नागरिकशास्त्राच्या तासाला उपयोग होईल. तिने त्या वाचल्याच पाहिजेत असे नाही.

कलम ४. बैठकीतला फ्रेम केलेला फोटो पुतण्या विकास देवमन इंगोले याला द्यावा.

फोटो २६ जानेवारी २०१२ च्या ग्रामसभेचा आहे. मध्ये माझा धाकटा भाऊ देवमन उभा आहे. अंगावर शाल, हातात नारळ. तांड्यासाठी सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती आणि तिला दोन गुंठे जागा दानात हवी होती. नाल्याच्या कडेची जागा देवमनची होती. त्याने सभेत उभे राहून दिली. टाळ्या झाल्या. तांड्यातले कोणी हजर नव्हते. दिवाळीनंतर सगळा तांडा ऊसतोडीला जातो तो अक्षय तृतीयेच्या सुमारास परत येतो, आणि आमची मोठी सभा नेहमी जानेवारीतच असते. ज्यांच्यासाठी विहीर होती त्यांनी तो शब्द ऐकलाच नाही.

ग्रामसेवक माझ्या कानाशी म्हणाले होते, “भाऊ, दानपत्र करून घ्या. रजिस्ट्री लागते.”

देवमनने ते ऐकले. “कागद मांगतो का इंद्रभान? एका मायच्या पोटचे आहो ना आपुन?”

मी ग्रामसेवकांना म्हणालो, “भावाच्या शब्दाले कागद कायले?”

मग मी ठराव मांडला. देवमनच्या अभिनंदनाचा. तो एकमताने मंजूर झाला. ठरावाची नक्कल फाईलला लावली, आणि तेवढ्यावर फाईल पुढे सरकली. त्या ठरावात देवमनच्या दिलदारपणाबद्दल साडेचार ओळी आहेत. गट क्रमांक नाही, गुंठे नाहीत, चतुःसीमा नाही. मजकूर माझा आहे.

विहिरीला चाळीस फुटांवर पाणी लागले. तांड्याने ते आठ वर्षे प्यायले. देवमन २०१९ मध्ये वारला आणि सातबारा विकासच्या नावे झाला. २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायत निवडणुकीला विकास माझ्याविरुद्ध उभा राहिला. तांडा सांगलीकडे होता. उमेदवार शेलूबाजारहून जीप करून माणसे मतदानाला आणतात, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी जीप पाठवली नाही. ज्यांना रस्ता देता आला नाही त्यांना मतासाठी गाडीत घालून आणणे मला जमले नाही. एकोणीस मतांनी पडलो. पुढच्या वर्षी विकासने विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावले आणि पाणी हळदीला वळवले.

मी त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, “काका, सातबारा दाखवा. विहीर माह्या बापाच्या जाग्यात हाये. तुमचं भाषण नाई लिवलं सातबाऱ्यावर.”

चौकशी लागली. तीही जानेवारीत. गावातल्या बारा जणांचे जबाब झाले. फोटोत दिसणारे सात जण त्यांत होते. सगळ्यांनी “आठवत नाही” असे सांगितले.

म्हणून फोटो विकासला. त्याने तो लावावा किंवा फेकावा. त्याचा बाप त्यात चांगला दिसतो.

कलम ५. अंत्यविधी साधा करावा. बसथांब्यावर माझा फ्लेक्स लावू नये. ग्रामपंचायतीत शोकसभा घेऊ नये, आणि घेतलीच तर ठराव करू नये. विकासने खांदा द्यायला हरकत नाही, रक्ताचा आहे. शेवटचे पाणी त्याने माझ्या तोंडात घालू नये.

कलम ६. गट क्रमांक ११४, क्षेत्र बावीस गुंठे, त्यावरील विहीर आणि मोटारपंप.

हा गट मी १९८८ साली तांड्यातील किशन राठोड यांच्याकडून नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. रामीबाई राठोड ही त्यांची सून. गट तांड्याला लागून आहे. विहीर मी खोदली. विकासचे कुलूप लागल्यापासून तांड्याच्या बाया या विहिरीवर येत. माझ्या पिकाचे ओलीत झाले आणि लाईट असली तर मी त्यांना दोन-दोन हंडे भरू देत असे. इतर दिवशी त्या नाल्याच्या पात्रात दीड कोस खाली जाऊन झिरा उकरत आणि त्यात झिरपलेले पाणी भरत.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर हा गट विहिरीसह तांड्याला द्यावा. २० एप्रिलला मी तो मसुदा ओसरीवर वाचून दाखवला. साक्षीला दोघांना बोलावले होते: निवृत्त मुख्याध्यापक फुलचंद गुरुजी, आणि आठच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परतलेली रामीबाई. ते ऐकल्यावर ती काही चांगले बोलेल असे मला वाटले होते.

तिने विचारले, “भाऊ, तुमाले बीपी हाये का?”

“नाही.”

“शुगर?”

“नाही.”

“मंग आमी अजून पंधरा वर्सं नाल्यावरच जाऊ का?”

आत सोजरबाई हसली. मला ऐकू आले.

गुरुजी म्हणाले, “रामीबाई, असं बोलू नये. भाऊ देऊन राह्यले तुमाले.”

“कुठं देऊन राह्यले? मेल्यावर देतो म्हणून राह्यले. देवमनभाऊनं जितेपणी देल्लं, ते राह्यलं नाई. याईचं मेल्यावरचं कोण पाह्यते?”

मी म्हणालो, “तुमच्यासाठी पंचवीस वर्षं भांडलो, रामीबाई. निवडणूक गेली माझी.”

“जीप काहून नाई पाठोली मंग? आमी कोयते टाकून आलो असतो. तत्त्व तुमचं, अन् तहान आमची.” ती उठली. “विकासनं कुलूप लावलं. तुमी हे लिवलं. आमाले दोन्ही सारखंच.”

सही न करता ती गेली. गुरुजींनीही पेन खिशाला लावले.

दोन दिवस मी रागात होतो. उपकाराची जाण नाही, वगैरे सगळे मनात बोलून झाले. तिसऱ्या दिवशी शेतात गेलो तेव्हा मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्या करगोट्याला होती. ती तीन वर्षे तिथेच होती. विहीर माझ्या नावे होती तोपर्यंत तांड्याला माझ्या दारात यावे लागत होते. निवडणूक हरल्यावर माझ्या दारात येणारे तेवढेच उरले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून लिहितो.

तुकडेबंदीमुळे विहिरीपुरत्या दोन गुंठ्यांचा दस्त सहज होत नाही, वेगळी परवानगी काढावी लागते. परवानग्यांचा मला अनुभव आहे. म्हणून अख्खा गट दिला. २ मे २०२५ रोजी दुय्यम निबंधकांसमोर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून तो रामीबाई आणि तांड्यातल्याच अंजू व निता यांच्या नावे सामाईक केला. शेतजमीन शेतकऱ्याच्याच नावे करता येते, आणि तांड्यात आधीपासून स्वतःच्या नावे सातबारा असलेल्या बाया या तीनच आहेत. पाणी सगळ्या तांड्याचे, अशी अट दस्तात आहे. चतुःसीमा मी तीनदा वाचून घेतली. रामीबाईने लिहिणाऱ्याला विचारले, “हे मेल्यावरचं नाई ना?” तो नाही म्हणाला, तेव्हा तिने अंगठा दिला.

म्हणून या मृत्युपत्राने गट ११४ कोणालाही दिलेला नाही. तो माझा नाही.

कलम ७. या बक्षीसपत्राच्या फेरफाराला विकासने हरकत घेतली आहे. गट वडिलोपार्जित आहे आणि काकांचे डोके ठिकाणावर नाही, असे त्याचे म्हणणे. सुनावणी माझ्या हयातीत झाली तर मी हजर राहीन. नंतर झाली तर हे माझे कथन समजावे: गट ११४ ही माझी स्वकष्टार्जित जमीन आहे. ती घेतली तेव्हा मी वडिलांपासून नऊ वर्षे वेगळा राहत होतो. १९८८ चे खरेदीखत आणि १९७९ चे वाटणीपत्र संस्कृतीजवळ आहेत. तिने मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नयेत. नातेवाइकाच्या तर नाहीच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी संस्कृतीने करावी. सुनावणीची तारीख जानेवारीत लागली तर तिने ती अर्ज देऊन पुढे ढकलून घ्यावी, आणि तांडा परत आल्यावर त्या तिघींना सोबत न्यावे.

गावातला नळ गेल्या सोमवारपासून कोरडा आहे. परवा मी हंडा घेऊन ११४ वर गेलो. मोटार चालू होती. सवयीने थेट पाइपाशी गेलो. रामीबाई म्हणाली, “भाऊ, लाईन हाये.” माझ्या पुढे सहा बाया होत्या. कोणी सरकले नाही. मी सातवा उभा राहिलो आणि माझ्या पाळीला हंडा भरून घेतला.

वरील मजकूर वाचून, समजून, मी त्यावर दोन साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

ठिकाण: कवठदरी
दिनांक: १४ मे २०२५

(सही) इंद्रभान पुंजाजी इंगोले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांनी त्यांच्यासमोर आपली निशाणी केली:

१. (सही) फुलचंद गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार किन्हीराजा

२. (डाव्या हाताचा अंगठा) रामीबाई राठोड, धंदा शेती व ऊसतोड, राहणार कवठदरी तांडा. मजकूर वाचून दाखवला. या मृत्युपत्रात तिला काहीही मिळत नाही, हे तिने दोनदा विचारून घेतले आणि मग अंगठा दिला.